फुल-फ्रेम हवी, की ४५ मेगापिक्सेल?

२४ मेगापिक्सेलची क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरची, आरशाची डीएसएलआर वापरून हात बसला, की पुढचा कॅमेरा म्हणून डोळ्यांसमोर बहुधा दोनच फुल-फ्रेम नावं येतात: निकॉन डी८५० आणि कॅनन ५डीएस आर. पहिल्याचे ४५.७ मेगापिक्सेल, दुसऱ्याचे ५०.६. आकडे दिपवणारे आहेत. पण या खरेदीत दोन निरनिराळ्या गोष्टी एकाच खोक्यात मिळतात आणि बहुतेकांना त्यांतली एकच हवी असते. मोठा सेन्सर ही एक, जास्त पिक्सेल ही दुसरी. दोन्हींचे फायदे वेगळे, खर्च वेगळा आणि डोकेदुखी तर अगदीच वेगळी.

आधी सेन्सर. फुल-फ्रेमचं, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरचं, क्षेत्रफळ ३६ गुणिले २४, म्हणजे ८६४ चौरस मिमी. निकॉनच्या क्रॉप सेन्सरचं साधारण ३६७, कॅननच्या क्रॉपचं ३३२. म्हणजे तेच अ‍ॅपर्चर आणि तोच शटर ठेवला तर फुल-फ्रेमवर अडीच पटींच्या आसपास प्रकाश गोळा होतो. स्टॉपच्या भाषेत (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) सव्वा ते दीडच्या मधे. एकाच पिढीचे सेन्सर असतील तर फुल-फ्रेमवरचा आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० नॉइजच्या, म्हणजे दाणेदारपणाच्या, बाबतीत क्रॉपवरच्या १२५०-१४०० सारखा दिसतो. लग्नसमारंभ, रंगमंच, संध्याकाळचा रस्ता अशा कामांत हा फरक ठळक जाणवतो.

मात्र त्यात एक मेख आहे. फ्रेमिंग तेच ठेवलं तर फुल-फ्रेमवर डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे फोकसमध्ये राहणारी खोली, कमी मिळते. एफचा आकडा वाढवला की लेन्सचं छिद्र लहान होतं आणि ही खोली वाढते. क्रॉपवर एफ/५.६ ला दोन रांगांतले चेहरे फोकसमध्ये बसत असतील, तर फुल-फ्रेमवर त्यासाठी एफ/८ लागेल, आयएसओ दुप्पट होईल आणि सव्वा स्टॉपचा नफा जवळपास तिथेच संपेल. फायदा खऱ्या अर्थाने पदरात पडतो तो दोन प्रसंगी: उथळ फोकस चालत असेल तेव्हा, किंवा ट्रायपॉड असल्यामुळे शटर हवा तेवढा लांबवता येत असेल तेव्हा. या दुसऱ्या प्रसंगात डी८५० आणि तिच्या आधीच्या डी८१० चा मूळ आयएसओ ६४ फार उपयोगी पडतो. आयएसओ १०० पेक्षा दोन-तृतीयांश स्टॉप जास्त प्रकाश सेन्सर पचवतो, त्यामुळे सावल्या उचलल्यावरही फाइल स्वच्छ राहते.

आणि यातलं काहीही ४५ मेगापिक्सेलवर अवलंबून नाही. डी७५० किंवा डी७८० सारखी २४ मेगापिक्सेलची फुल-फ्रेम हेच सगळं देते. दोन्हींचे फोटो एकाच आकाराला छापले किंवा स्क्रीनवर एकाच आकाराला पाहिले, तर नॉइजमध्ये सांगण्यासारखा फरक राहत नाही. तेव्हा तक्रार 'अंधारात फोटो दाणेदार येतात' एवढीच असेल, तर जास्त पिक्सेलच्या मागे लागण्याचं कारण नाही.

आता पिक्सेल. २४ वरून ४५.७ म्हणजे जवळपास दुप्पट वाटतं, पण तपशील लांबी-रुंदीत मोजतात. क्रॉप कॅमेऱ्याची फ्रेम ६००० बाय ४००० ची, डी८५० ची ८२५६ बाय ५५०४ ची. लांबीत वाढ ३७-३८ टक्के. कागदावर याचा अर्थ असा: ए३ ला ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) छापायला ४९६१ बाय ३५०८ पिक्सेल, म्हणजे सुमारे १७.४ मेगापिक्सेल पुरतात. ए३ पर्यंत २४ मेगापिक्सेल भरपूर झाले. ए२ ला २४ मेगापिक्सेलची फाइल कागदाच्या प्रमाणात कापल्यावर साधारण २४० पीपीआय देते, जे हातभर अंतरावरून बघायला उत्तमच आहे. फरक उघड होतो तो ए१ ला. तिथे २४ मेगापिक्सेलवाले १७० पीपीआयवर येतात, डी८५० अजून २३५ वर असते. भिंतीवरच्या ए१ प्रिंटला नाक लावून बघणारे लोक असतातच, आणि प्रदर्शन असेल तर ते हमखास येतात. स्क्रीनचं म्हणाल तर ४के मॉनिटर म्हणजे जेमतेम ८.३ मेगापिक्सेल. ज्यांचे फोटो फोन आणि लॅपटॉपपलीकडे जात नाहीत त्यांनी हा आकडा दोनदा वाचावा.

पक्षी टिपणाऱ्यांची फसगत इथे सर्वांत जास्त होते. समज असा की '४५ मेगापिक्सेल आहेत, हवं तेवढं क्रॉप करू'. निकॉन डी७२०० चा एक पिक्सेल ३.९ मायक्रॉनचा, डी८५० चा ४.३५ चा. तीच ५०० मिमी लेन्स, तेच झाड, तोच खंड्या. डी७२०० वर तो १००० पिक्सेल रुंद येत असेल तर डी८५० वर ९०० येईल. पिक्सेल वाढायचे सोडून घटले. डी८५० ची फ्रेम क्रॉप सेन्सरएवढी कापली तर ५४०८ बाय ३६०० उरतात, म्हणजे १९.५ मेगापिक्सेल. कॅनन ५डीएस आणि ५डीएस आर चंही तेच, १.६ च्या क्रॉपमध्ये १९.६. लांब पल्ल्यासाठी घ्यायची असेल तर या कॅमेऱ्यांनी पल्ला वाढत नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये मोकळी जागा जास्त दिसते, उडता पक्षी फ्रेममध्ये ठेवणं सोपं जातं, आणि डी८५० मध्ये डी५ मधली १५३ पॉइंटची ऑटोफोकस यंत्रणा आहे. त्यासाठी घ्यायची तर जरूर घ्या.

जास्त पिक्सेल खरोखर कुठे कामी येतात? चित्रांची, नकाशांची, जुन्या कागदपत्रांची छायाप्रत काढताना. ३५ मिमीच्या निगेटिव्ह मॅक्रो लेन्सने डिजिटाइझ करताना. मोठ्या समूहचित्रात: एका रांगेत २० माणसं असतील तर २४ मेगापिक्सेलवर प्रत्येकाच्या वाट्याला ३०० पिक्सेल रुंदी येते, डी८५० वर ४१०, आणि चेहरा त्याच्या निम्म्याहून कमी असतो. नंतर कुणी स्वतःपुरता तुकडा मागतोच. उत्पादनांच्या जाहिरातींत एकाच फ्रेममधून आडवा, उभा आणि चौकोनी असे तीन तुकडे काढायचे असतात तिथेही. आणि अर्थात मोठ्या प्रिंटसाठी काढलेली निसर्गदृश्यं.

पण निसर्गदृश्यं स्थिर असतील तर एक फुकटचा मार्ग आधी वापरून बघा. आहे तोच २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा उभा धरून, एकतृतीयांश ओव्हरलॅप ठेवून तीन फ्रेम काढा आणि जोडा. रुंदी ४००० अधिक दोनदा सुमारे २६७०, म्हणजे ९३०० च्या वर, उंची ६०००. झाले ५६ मेगापिक्सेल. एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही मॅन्युअलवर ठेवायचे, पोलरायझर काढून ठेवायचा, नाहीतर आकाशाच्या निळ्या छटेत पट्टे पडतात. जवळ दगड किंवा कुंपण असेल तर जोडावर ते तुटक दिसतं, कारण कॅमेरा लेन्सच्या एंट्रन्स प्युपिलभोवती (समोरून दिसणाऱ्या छिद्राच्या प्रतिमेभोवती) फिरत नसतो. तिथे कॅमेरा मागे सरकवणारी पट्टी, नोडल स्लाइड, लागते. लाटा, वाऱ्यावर हलणारं गवत, माणसं असतील तर हा मार्ग बंद.

ही पायरी ओलांडूनही ४५ मेगापिक्सेल हवेच असतील, तर आत्ताच्या कॅमेऱ्यावर एक परीक्षा घ्या. दूरची, बारीक अक्षरांची पाटी निवडा. कॅमेरा ट्रायपॉडवर, एफ/५.६, लाइव्ह व्ह्यूमध्ये पाटी पूर्ण मोठी करून हाताने फोकस, दोन सेकंदांचा टायमर. हा झाला नमुना. आता तीच लेन्स, तेच अ‍ॅपर्चर, त्याच जागेवरून हातात धरून, व्ह्यूफाइंडरमधून ऑटोफोकसने १/५००, १/१२५ आणि १/६० ला प्रत्येकी दहा फोटो. सगळे १०० टक्क्यांवर नमुन्याशेजारी ठेवून बघा. १/१२५ चे निम्मे फोटोही नमुन्याच्या तोडीचे नसतील, तर आहेत ते २४ मेगापिक्सेलच तुम्ही वापरत नाही आहात. नवी बॉडी तीच अस्पष्टता अधिक मोठ्या फाइलमध्ये जपून ठेवेल.

अस्पष्टता तीन बाजूंनी येते आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे.

पहिली हाताची थरथर. 'एक भागिले फोकल लेंग्थ' हा जुना नियम फिल्मच्या आणि छोट्या प्रिंटच्या काळातला. क्रॉपवर ३५ मिमीने जी फ्रेम मिळते तिला फुल-फ्रेमवर ५० च्या आसपास लागते, आणि हात तेवढाच हलला तरी पिक्सेलमध्ये मोजलेली हालचाल ३५-४० टक्क्यांनी वाढते. म्हणून ५० मिमीला १/१०० हा किमान धरावा, निर्धास्त राहायचं तर १/१५०. लेन्समध्ये थरथर रोखणारी यंत्रणा (निकॉनची व्हीआर किंवा कॅननची आयएस) असेल तर थोडी सूट, पण समोरचा माणूस हलतो त्यावर त्याचा काही इलाज नाही.

दुसरा आरसा आणि शटरचा पडदा. डीएसएलआर ट्रायपॉडवर असली तरी आरसा वर आदळल्याचा धक्का साधारण १ सेकंद ते १/६० या पट्ट्यात दिसतो. १० सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये तो विरून जातो, १/५०० ला त्याला वेळच मिळत नाही. या मधल्या पट्ट्यात आरसा आधी उचलायचा, दोन-तीन सेकंद थांबायचं आणि रिमोटने शटर सोडायचा. ५डीएस मध्ये आरसा उचलल्यावर १/८ ते २ सेकंदांचा विलंब मेनूतच ठरवता येतो. डी८५० मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंट कर्टन शटर (पहिला पडदा न हलवता सेन्सरच एक्स्पोजर सुरू करतो) आहे, पण ते मेनूतून चालू करावं लागतं आणि नेहमीच्या सिंगल फ्रेम मोडमध्ये लागू होत नाही. क्वाएट किंवा मिरर-अप मोड लागतो. चालू केलं आणि मोड बदलायचा राहिला, की लोक पुन्हा लेन्सला दोष देत बसतात. ट्रायपॉडचा मधला दांडा खाली, कॅमेऱ्याचा पट्टा काढलेला (वाऱ्यात तो शिडासारखा ओढतो), लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद.

तिसरा फोकस. डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा सेन्सर वेगळ्या जागी, आरशाखाली असतो. फोटो टिपणारा वेगळा. दोघांच्या अंतरात किंचित तफावत असली की फोकस सतत पुढे किंवा मागे जातो. फाइल जितकी बारकाईने बघाल तितकी ही चूक डोळ्यांत येते. उपाय एएफ फाइन ट्यून, कॅननच्या भाषेत मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट: उणे २० ते अधिक २०. लक्ष्य फोकल लेंग्थच्या २५ ते ५० पट अंतरावर ठेवा, म्हणजे ५० मिमीसाठी सव्वा ते अडीच मीटर. सपाट, ठळक नक्षीचं, सेन्सरला समांतर. लेन्स पूर्ण उघडी. आधी लाइव्ह व्ह्यूने फोकस केलेला फोटो घ्या, तो खरा मानायचा. मग व्ह्यूफाइंडरने. दर वेळी फोकस रिंग हाताने पार लांब फिरवून मगच पुन्हा फोकस करायचा, नाहीतर यंत्रणा आहे तिथेच बसून राहते आणि आकडा खोटा निघतो. एका फोटोवर विश्वास ठेवू नये. प्रत्येक आकड्याला पाच-सहा घ्यावेत. कॅननच्या ५डीएस मध्ये झूमची दोन टोकं वेगवेगळी बसवता येतात. निकॉन डी८५० एका लेन्ससाठी एकच आकडा ठेवते, म्हणून ज्या टोकाला जास्त काम करता तिथे तो बसवावा. डी८५० मध्ये हे काम लाइव्ह व्ह्यूच्या मदतीने कॅमेऱ्याकडूनच करवून घेता येतं, पण तिथेही चार-पाच वेळा करून सरासरी घेतलेली बरी.

आता लेन्स, म्हणजे खर्चाचा खरा डोंगर. कॅननच्या ईएफ-एस, म्हणजे क्रॉपसाठीच्या, लेन्स फुल-फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाहीत. निकॉनच्या क्रॉपसाठीच्या डीएक्स लेन्स बसतात, पण कॅमेरा फ्रेम क्रॉप करतो आणि तुम्ही परत १९.५ मेगापिक्सेलवर येता. ज्या फुल-फ्रेम लेन्स तुमच्याकडे आधीपासून आहेत त्यांचेही कोपरे तुम्ही अजून पाहिलेले नाहीत. क्रॉप सेन्सर फक्त मधला भाग वापरत होता. लेन्स तपासताना दूरची एकच बारीक गोष्ट, मोबाइल टॉवर असो वा झाडाचा शेंडा, आळीपाळीने चारही कोपऱ्यांत ठेवून फोटो घ्या. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर लेन्सचा स्वभाव समजा. एकच कोपरा वाईट असेल तर आतलं एखादं भिंग सरकलेलं आहे, ती लेन्स परत करावी.

अ‍ॅपर्चर किती बंद करायचं यालाही मर्यादा आहे. डिफ्रॅक्शनमुळे प्रकाशाचा बिंदू ठिपका होतो: एफ/८ ला त्याचा व्यास सुमारे १०.७ मायक्रॉन, एफ/११ ला १४.८, एफ/१६ ला २१.५. पिक्सेल ४.३५ चा. एफ/८ पर्यंत निर्धास्त, एफ/११ ला थोडं शार्पनिंग लावलं की भागतं, एफ/१६ ला जास्तीच्या पिक्सेलचा बराचसा फायदा वाया जातो. फाइल २४ मेगापिक्सेलपेक्षा वाईट होत नाही, एवढं मात्र खरं. दुसरीकडे डेप्थ ऑफ फील्डचे नेहमीचे तक्ते ०.०३ मिमीच्या ठिपक्यावर (फोकसबाहेरचा बिंदू एवढा पसरला तरी स्पष्टच वाटतो असं मानून) बेतलेले असतात. त्या हिशोबाने २४ मिमी, एफ/११ ला हायपरफोकल अंतर (जिथे फोकस केला की अनंतापर्यंत सगळं स्पष्ट राहतं) पावणेदोन मीटर येतं. मोठ्या प्रिंटसाठी ठिपका ०.०१५ धरला की तेच साडेतीन मीटर होतं, आणि जवळची हद्द ८७ सेंटिमीटरवरून पावणेदोन मीटरवर सरकते. पायाजवळची फुलं आणि मागचा डोंगर दोन्ही हवे असतील तर फोकस स्टॅकिंगला (वेगवेगळ्या अंतरांवर फोकस केलेले फोटो जोडण्याला) पर्याय नाही. डी८५० फोकस सरकवत फोटो आपोआप काढते, जोडायचं काम मात्र संगणकावर.

डी८१०, डी८५० यांच्या सेन्सरपुढे लो-पास फिल्टर (बारीक नक्षी किंचित मऊ करणारी काच) नाही, ५डीएस आर मध्ये त्याचा परिणाम रद्द केलेला आहे. बारीक विणीच्या कापडावर रंगीत लहरी उमटू शकतात. मॉडेलला अर्धं पाऊल पुढेमागे करा किंवा एफ/११ ला जा. संगणकावर पुसण्यापेक्षा ते सोपं.

फाइलींचं थोडक्यात: डी८५० ची १४ बिट, लॉसलेस कॉम्प्रेस्ड (काहीही न गमावता दाबलेली) रॉ साधारण ५२ एमबी, अनकॉम्प्रेस्ड ९० च्या वर. अनकॉम्प्रेस्ड ठेवण्यात काहीही शहाणपण नाही. १००० फोटोंचे ५२ जीबी, दोन बॅकअप धरले तर १५६. १६ बिट टिफ २७० एमबी. तीन-चार लेयर चढले की एक जीबी, आणि फोटोशॉपची पीएसडी फाइल २ जीबीच्या पुढे जात नाही, मोठ्या फाइलींसाठीची पीएसबी वापरावी लागते. ३२ जीबी रॅम नसेल तर कॅमेऱ्याबरोबर संगणकाचाही खर्च धरा. डी८५० ला कार्डांचे एक एक्सक्यूडी आणि एक एसडी असे दोन खाचे आहेत. दोन्हींवर एकदम लिहायला लावलं तर वेग मंद कार्डाचा मिळतो.

मिररलेसचं काय, हा प्रश्न येणारच. निकॉन आणि कॅनन दोघांनीही २०१८ मध्ये नवे माउंट (लेन्स बसवायच्या कड्या; निकॉनचा झेड, कॅननचा आरएफ) आणले आणि नव्या लेन्स तिकडेच येत आहेत. मिररलेसमध्ये फोकस मुख्य सेन्सरवरच मोजला जातो, त्यामुळे फाइन ट्यूनची कटकट उरत नाही, आणि आरसा नाही. कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस दोन्ही लेन्स अ‍ॅडॅप्टरने आरएफवर नीट चालतात. निकॉनच्या एफटीझेड अ‍ॅडॅप्टरवर स्वतःची मोटर असलेल्या एएफ-एस चालतात, पण बॉडीतल्या मोटरने फिरणाऱ्या जुन्या एएफ-डी लेन्सना ऑटोफोकस मिळत नाही. माझ्या मते एकही फुल-फ्रेम लेन्स नसलेल्या माणसाने आज डीएसएलआरने सुरुवात करू नये. पण चार-पाच चांगल्या एफ (निकॉन) किंवा ईएफ (कॅनन) लेन्स कपाटात असतील, ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर आवडत असेल, तर डीएसएलआरचा पक्ष अजून भक्कम आहे. सीपा या कॅमेरा उद्योगसंघटनेच्या मापाने डी८५० ची एक बॅटरी १८४० फोटो देते, तेवढ्याच मेगापिक्सेलची झेड७ ३३०.

बहुतेक व्यवहार आता जुन्या बॉडीचे होतील, तेव्हा घेण्याआधी हे बघा. शटर काउंट: डी८०० मालिका आणि डी८५० चा शटर २ लाखांसाठी तपासलेला आहे, ५डीएस चा दीड लाखासाठी. निकॉनच्या ताज्या जेपेगच्या एक्झिफमध्ये (फाइलमधल्या नोंदींत) हा आकडा असतो. कॅनन तो बहुधा लिहीत नाही, वेगळं सॉफ्टवेअर लागतं. पांढऱ्या भिंतीचा एफ/१६ ला, फोकस मुद्दाम घालवून फोटो घ्या. धूळ निघते, पण पुसूनही न हलणारा डाग किंवा ओरखडा असेल तर सोडून द्या. १/८००० ला एकसारख्या आकाशाचे पाच-सहा फोटो. एका बाजूला काळपट पट्टा आला तर शटरचे पडदे जुळत नाहीत. लेन्सवर झाकण लावून, नॉइज रिडक्शन बंद ठेवून ३० सेकंद, म्हणजे पेटलेले पिक्सेल मोजता येतील. फोकस पॉइंट फक्त मधला तपासू नका, डाव्या आणि उजव्या टोकाचेही तपासा. बॉडी आपटलेली असेल तर एक बाजू चुकते. दोन्ही खाच्यांत कार्ड घालून लिहायला लावा. ५डीएस मध्ये सीएफच्या खाच्यात टॉर्च मारून आतल्या पिना बघा, एखादी वाकलेली असेल तर कार्ड आत ढकलताच ती मोडते.